मॅन्डोलिनला पट्टा लावताना: एंड पिनपासून शेवटच्या गाठीपर्यंत

मॅन्डोलिनचे वजन साधारण एका किलोच्या आसपास असते आणि बहुधा म्हणूनच त्याला पट्टा लावण्याचे काम लोक हलक्यात घेतात. हाताशी असलेला गिटारचा पट्टा घ्यायचा, एक टोक खालच्या पिनमध्ये अडकवायचे, दुसरे टोक जिथे जागा दिसेल तिथे बांधायचे आणि उभे राहून वाजवायला लागायचे, असा प्रकार सर्रास दिसतो. मग कोणाचे वाद्य सारखे बेसूर होते, कोणाच्या वाद्याचे पॉलिश एकाच जागी घासून उडते आणि कोणाचे वाद्य सरळ जमिनीवर येते. हे तिन्ही टाळता येते. त्यासाठी महागडे सामान लागत नाही, पण कामाचा क्रम मात्र पाळावा लागतो.

या क्रमाबद्दल एक गोष्ट आरंभीच सांगतो, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. पट्ट्याचे वरचे टोक कुठे बांधावे याचीच सारी चर्चा होते आणि खालच्या पिनकडे कोणी वळूनही पाहत नाही. माझ्या पाहण्यातली पडलेली मॅन्डोलिन मात्र बहुतेक खालूनच सुटली आहेत. माझे स्वतःचे एक मॅन्डोलिन असेच उभ्याने वाजवताना निसटले. मी ते गुडघ्यावर झेलले, तरी त्याच्या तबलीच्या, म्हणजे पुढच्या फळीच्या, कडेला एक खोक पडली ती कायमचीच. हातात आलेली पिन उजेडात धरून पाहिली, तेव्हा तिची एक बाजू घासून चकचकीत झालेली होती आणि उरलेली तीन बाजूंची पृष्ठे मंद, कोरीच्या कोरी होती. म्हणजे इतके दिवस ती पिन भोकात एका बाजूला टेकून नुसती उभी होती, बसलेली नव्हतीच. तेव्हापासून मी आधी पिन तपासतो, मग खालचे टोक लावतो, मग वरचे, मग लांबी जुळवतो आणि भार देऊन पाहिल्याशिवाय वाद्यावरचा हात काढत नाही.

१. आधी वाद्याचा प्रकार ओळखावा

पट्ट्याची जागा वाद्याच्या आकारावरून ठरते. ए-शैलीचे मॅन्डोलिन थेंबाच्या आकाराचे असते आणि त्याच्या बॉडीवर पट्टा अडकवण्याजोगे काहीच नसते. एफ-शैलीच्या मॅन्डोलिनला जाड तारांच्या बाजूला, दांडीच्या मुळाशी, शंखासारखी वळलेली गुंडाळी असते. तिलाच स्क्रोल म्हणतात आणि पट्ट्याचे वरचे टोक तिथे बसते. तिसरा प्रकार भोपळ्याच्या फोडीसारखी फुगीर पाठ असलेल्या मॅन्डोलिनचा. इलेक्ट्रिक मॅन्डोलिनला बहुधा दोन्ही बटणे आधीच बसवलेली असतात, त्यामुळे त्याच्या वादकांनी सरळ तिसऱ्या टप्प्याकडे जावे. जाण्यापूर्वी दोन्ही बटणांचे स्क्रू मात्र एकदा आवळून घ्यावेत.

आपल्या वाद्याला दांडीच्या टाचेवर, म्हणजे दांडी बॉडीला मिळते तिथल्या जाड भागावर, एखादे बटण आहे का हेही पाहून ठेवावे. ए-शैलीच्या काही वाद्यांना ते कारखान्यातच लावलेले असते आणि मालकाच्या ते ध्यानातही आलेले नसते.

२. एंड पिन तपासावी

एंड पिन म्हणजे बॉडीच्या अगदी तळाशी, टेलपीसजवळ (तारांची खालची टोके अडकवण्याचा पत्रा) किंवा टेलपीसच्याच भोकातून आत गेलेली पिन. ती दोन प्रकारची असते. एक लाकडाची, निमुळती, नुसत्या घर्षणावर बसणारी, आणि दुसरी आतून स्क्रूने पकडलेली. पिकअप (वाद्याचा आवाज वायरने बाहेर नेणारे उपकरण) बसवलेल्या वाद्यात पिनच्या जागी वायरचा जॅक असतो आणि तो बराच जाड असतो, याची नोंद पट्टा घेण्यापूर्वीच करून ठेवावी.

तपासण्यासाठी वाद्य मऊ कापडावर उताणे ठेवावे, पिनचे डोके अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून हलकेच फिरवून पाहावे, आणि मग सरळ बाहेरच्या दिशेने बेताने ओढून पाहावे. पिन हलली नाही, तर तिला तसेच राहू द्यावे. घट्ट बसलेली पिन केवळ कुतूहलापोटी काढू नये. ती किंचित फिरली, डगडगली किंवा बाहेर येऊ लागली, तर मात्र पट्टा बाजूला ठेवून आधी तिची व्यवस्था करावी.

सावधान: तारा ताणलेल्या असताना पिन काढू नये. आठ तारांचा मिळून ताण सत्तर-ऐंशी किलोच्या घरात जातो आणि तो सगळा टेलपीसवर येतो. टेलपीस बॉडीला पिनखेरीज दोन-तीन वेगळ्या स्क्रूंनी जोडलेले असेल, तर तारा पुरेशा सैल करून पिन काढता येते. ते केवळ पिनवरच थांबलेले दिसत असेल, तर तारा पूर्ण उतरवाव्या लागतात आणि ते काम वाद्यांच्या कारागिराकडे द्यावे.

तारा सैल करण्याआधी आणखी एक काम आहे आणि ते हमखास विसरले जाते. मॅन्डोलिनचा ब्रिज, म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती तबलीवरची घोडी, तबलीवर चिकटवलेला नसतो. तो केवळ तारांच्या दाबाने उभा असतो. तारा एकदम ढिल्या केल्या, की तो सरकतो किंवा पडतो, आणि मग वाद्य वरच्या पडद्यांवर सुरात लागत नाही. म्हणून बाराव्या पडद्यापासून ब्रिजपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी पट्टीने मोजून लिहून ठेवावे. सर्वसाधारण मॅन्डोलिनवर ते साडेसतरा सेंटिमीटरच्या जवळपास भरते, पण नेमका आकडा आपल्या वाद्याचाच घ्यावा आणि जाड व बारीक तारांकडचा वेगवेगळा लिहावा, कारण ब्रिज बहुधा किंचित तिरपा असतो. तबलीवर चिकटपट्टी लावून खूण करू नये, कारण ती काढताना जुने पॉलिश सोबत येते. तारा सैल कराव्यात, पण ब्रिज जागेवर दाबून धरण्याइतका ताण त्यांत ठेवावा.

घर्षणाची पिन सैल असेल तर. पिन बाहेर काढून तिच्या दांड्याला साधा पांढरा खडू चोळावा, ती भोकात दाबून अर्धा फेरा फिरवावी आणि पुन्हा काढून पाहावी. जिथला खडू पुसला गेला तिथेच पिन टेकते आहे. खडू सगळीकडून सारखा पुसला गेला असेल, तर पिनचा आकार बरोबर आहे. ती दाबत आणि फिरवत आत बसवली म्हणजे पुरते. केवळ एका बाजूचा किंवा केवळ तोंडाजवळचा खडू पुसला गेला असेल, तर खडू तसाच राहिलेल्या भागावर पातळ कागदाचा एक वेढा देऊन पुन्हा बसवून पाहावे. एका वेढ्याने भागले नाही तर दुसरा द्यावा. तीन वेढे लागू लागले, की भोकच मोठे झाले आहे असे समजावे आणि कारागिराकडून जाड पिन घडवून घ्यावी.

पिन हातोडीने ठोकू नये. निमुळती पिन पाचरीसारखे काम करते आणि आतला तळाचा ठोकळा चिरू शकतो. ती झटपट गोंदाने चिकटवूही नये. पुढे टेलपीस बदलायचे किंवा पिकअप बसवायचे झाले, तर चिकटलेली पिन तोडूनच काढावी लागते.

स्क्रूची पिन सैल असेल तर. स्क्रू नुसता फिरत राहतो, आवळला जात नाही, म्हणजे लाकडातले आटे गेले आहेत. अशा वेळी लांब स्क्रू घालण्याचा मोह आवरावा. भोकात कठीण लाकडाच्या बारीक काड्या पांढऱ्या गोंदात बुडवून गच्च भराव्यात, वर आलेला भाग पृष्ठाशी सपाट कापावा, चोवीस तास वाळू द्यावे आणि मग त्यात नवे बारीक भोक पाडून तोच स्क्रू बसवावा. ही दुरुस्ती स्वस्त आहे आणि टिकते.

तपासणी: पिन बसवून, तारा सुरात लावून, ब्रिजचे लिहून ठेवलेले अंतर पडताळावे. त्यानंतर बाराव्या पडद्यावर तार नुसती स्पर्शून निघणारा सूर आणि तिथेच दाबून निघणारा सूर एकच येतो का, हे कानाने किंवा ट्यूनरने पाहावे. दाबलेला सूर चढा येत असेल तर ब्रिज टेलपीसकडे, उतरा येत असेल तर दांडीकडे, केसभर सरकवावा.

३. पट्टा निवडावा आणि लांबी दोरीने मोजावी

पंधरा ते पंचवीस मिलिमीटर रुंदीचा पट्टा मॅन्डोलिनला पुरतो. गिटारचा पाच सेंटिमीटर रुंदीचा पट्टा तीन कारणांनी गैरसोयीचा ठरतो: त्याचे टोक उजव्या हाताच्या मनगटाला लागते, त्याचे भोक गिटारच्या बटणाच्या मापाचे असल्यामुळे मॅन्डोलिनच्या पिनवर एक तर चढत नाही किंवा ढिले बसते, आणि त्याचे वरचे टोक स्क्रोलच्या खाचेत शिरतच नाही. हलक्या वाद्याचा भार वाटून घ्यायला एवढी रुंदी लागतही नाही.

चामडे किंवा सुती विणीचा पट्टा उत्तम. रबर आणि व्हिनाइल मात्र वाद्याला लागू देऊ नये, कारण नायट्रोसेल्युलोज लॅकरचे पॉलिश त्यांच्या सहवासात मऊ पडून त्यावर कायमचा डाग राहतो. बाटल्यांच्या झाकणांतले रबरी वॉशर पट्टा निसटू नये म्हणून पिनवर बसवण्याची युक्ती प्रसिद्ध आहे. आपल्या वाद्यावर लॅकर आहे की दुसरे काही, हे ठाऊक नसेल तर ती टाळावी आणि त्याऐवजी चामड्याची चकती कापून वापरावी. रंगवलेल्या चामड्याची परीक्षा सोपी आहे. ओल्या पांढऱ्या कापडाने पट्टा घासून पाहावा. कापडाला रंग लागला, तर तो वाद्यालाही आणि सदऱ्यालाही लागणार.

लांबी विकत घेण्यापूर्वी मोजावी, पण त्याआधी पट्टा घालायचा कसा हे ठरवावे. एक पद्धत म्हणजे पट्टा डोक्यावरून घेऊन पाठीवरून तिरका नेणे आणि डाव्या खांद्यावर ठेवणे. दुसरी पद्धत म्हणजे तो नुसता उजव्या खांद्यावर अडकवणे. पहिल्या पद्धतीत वाद्य स्थिर राहते. दुसऱ्या पद्धतीत ते चटकन काढता-घालता येते आणि मान मोकळी राहते, पण वाकल्यावर पट्टा खांद्यावरून घसरू शकतो. नवशिक्याने पहिलीच पद्धत धरावी असे माझे मत आहे. डावखुऱ्यांनी हे सारे उलट्या बाजूने समजावे.

पद्धत ठरली, की खुर्चीवर नेहमीसारखे बसून वाद्य वाजवण्याच्या स्थितीत धरावे आणि दुसऱ्या कोणाला तरी एंड पिनपासून खांद्यावरून वरच्या जागेपर्यंत एक जाड दोरी फिरवायला सांगावे. दोरीचे माप मिळाले, की त्याच्या आसपास दोन्हीकडे किमान दहा-दहा सेंटिमीटर कमी-जास्त होऊ शकेल असा पट्टा निवडावा. दोन पद्धतींची मापे बरीच वेगळी येतात. एका पद्धतीचे माप घेऊन दुसऱ्या पद्धतीने वाजवायला गेल्यास पट्टा एक तर आखूड पडतो किंवा वाद्य पोटाच्या खाली लोंबते.

४. खालचे टोक लावावे

चामड्याच्या पट्ट्याच्या टोकाला भोक आणि त्याला लागून एक चीर असते. चीर पट्ट्याच्या लांबीच्या, म्हणजे खांद्याच्या, दिशेला असावी. भार आला की पिन भोकाच्या टोकाकडच्या कडेवर टेकते आणि ती कड अखंड असली पाहिजे. चीर टोकाच्या दिशेला असेल तर पिन नेमकी चिरेतच ओढली जाते. असा पट्टा सरळ परत करावा.

नवे चामडे ताठ असते. भोक चाकूने मोठे करू नये. भोकाभोवतीचा भाग बोटांनी पुढे-मागे वाकवून मऊ करावा, पिनचे डोके आधी चिरेतून एका बाजूने घालावे आणि मग दुसरी बाजू अंगठ्याने ओढून घ्यावी. पट्टा चढवताना जोर करावा लागला तर ते चांगलेच आहे. सहज चढलेला पट्टा सहज उतरतोही. मात्र हा जोर पिनवर तिरका येऊ देऊ नये. दुसऱ्या हाताने पिनचे बूड धरून ठेवावे. चामड्याची खरखरीत बाजू वाद्याकडे आणि गुळगुळीत बाजू बाहेर ठेवावी.

इथेच टेलपीसकडेही पाहून घ्यावे. काही टेलपीसच्या पत्र्याच्या कडा धारदार असतात आणि तारांची पिळलेली टोके त्यांच्या बाहेर डोकावतात. पट्टा रोज त्यांवर घासला, की चामड्यात हळूहळू काप जातो. टोके आत वळवावीत किंवा नीट छाटावीत. पट्टा पत्र्याला घासतच असेल, तर मधे चामड्याची चकती घालावी.

तपासणी: पट्टा हातात धरून वाद्याच्या दिशेने, बाहेरच्या दिशेने आणि दोन्ही बाजूंना ओढून पाहावा. भोकाची कड पिनच्या डोक्यावर चढू लागलेली दिसली, तर भोक मोठे आहे. अशा वेळी टोकावर चामड्याचा दुसरा तुकडा शिवून त्यात नवे भोक पाडावे.

५. वरचे टोक

या टप्प्यात वाद्याप्रमाणे वाट बदलते. बहुतेक वाटांना बारीक पण मजबूत चामड्याची वादी लागू शकते, म्हणून तीस-चाळीस सेंटिमीटरची एक वादी जवळ ठेवावी.

५.१ एफ-शैली: स्क्रोलभोवती

स्क्रोल आणि दांडी यांच्यामधल्या खाचेतून वादी काढायची असते. वादीचे टोक तिरके कापून त्यावर कागदी चिकटपट्टीचा घट्ट वेढा दिला, की बुटाच्या नाडीसारखे कडक टोक तयार होते आणि ते खाचेतून लाकडाला न घासता पलीकडे जाते. वादीचा एक सैलसर वेढा स्क्रोलभोवती द्यावा आणि तिची दोन्ही टोके पट्ट्याच्या वरच्या भोकातून ओवून बांधावीत. गाठ पट्ट्याच्या अंगाला, पॉलिशपासून दूर राहील अशी ठेवावी. वेढा स्क्रोलवर फिरू शकेल इतका सैल, पण वरून उडी मारून निघणार नाही इतका लहान असावा. फास आवळणारी गाठ इथे देऊ नये, कारण ती प्रत्येक हालचालीबरोबर आणखी आवळते आणि एकाच रेषेवर पॉलिश खाते.

खाचेत न मावणारा जाड पट्टा दाबून बसवणे ही या ठिकाणची सर्वांत घातक चूक आहे. बारीक खाचेतले जाड चामडे पाचरच होते. वादी दोन बोटांनी, विनासायास, मागे-पुढे सरकली पाहिजे. धातूचे बक्कल स्क्रोलपासून किमान वीतभर दूर, पाठीमागे राहील असे ठेवावे.

५.२ ए-शैली: डोक्याला बांधणे

बॉडीवर जागा नसल्यामुळे वादी डोक्याला, म्हणजे खुंट्या असतात त्या भागाला, बांधण्याची रीत आहे. जागा एकच: नट (दांडीच्या वरच्या टोकाची, तारांच्या खाचा असलेली पट्टी) आणि खुंट्यांची पहिली जोडी यांच्या मधली. वादी तिथे आठही तारांच्या खालून जाते आणि तिची दोन्ही टोके डोक्याच्या मागे येऊन पट्ट्याला मिळतात. वादी चपटी आणि पातळ हवी. ती तारांना खालून टेकली, तर तारा नटमध्ये उचलल्या जातात, सूर हलतो आणि मोकळी तार करकरते.

वादी ओवताना तारा उतरवण्याची गरज नसते. कडक केलेले टोक बारीक तारांच्या बाजूने आत सरकवावे आणि जाड तारांच्या बाजूने ओढून घ्यावे. पिळ पडलेला नाही ना, हे पाहावे.

तपासणी: साध्या कागदाची पट्टी वादी आणि तारा यांच्यामधून सरकवून पाहावी. ती आठही तारांखालून न अडखळता गेली पाहिजे. त्यानंतर प्रत्येक खुंटी एक फेरा पुढे-मागे फिरवून गाठ किंवा वादी तिच्या आड येत नाही ना, हे पाहावे.

खुंटीच्या दांड्याला वादी बांधणे ही चूक फार दिसते. खुंटी तारेचा ताण झेलण्यासाठी असते, वाद्याचा भार झेलण्यासाठी नव्हे.

गाठीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सारा भरवसा तिच्यावर असतो. सुरगाठ सोडायला सोपी असते आणि त्याच गुणामुळे ती इथे चालत नाही. चामडे गुळगुळीत असल्याने हेलकाव्यांनी ती आपली आपण ढिली होत जाते. निरगाठच द्यावी, म्हणजे पहिला अर्धा वेढा एका दिशेने आणि दुसरा त्याच्या उलट दिशेने. दोन्ही वेढे एकाच दिशेने दिले गेले तर गाठ आडवी बसते आणि घसरते. बरोबर बसलेली गाठ वादीच्याच रेषेत सपाट दिसते. दोन्ही टोके किमान तीन सेंटिमीटर मोकळी सोडावीत आणि प्रत्येक टोकाला एक छोटी गाठ मारावी. नवी वादी भाराने लांबते. आठवड्याने गाठ पुन्हा आवळावी.

डोक्याला बांधण्याचे दोन तोटे स्वीकारावेच लागतात. दांडीवर पट्ट्याची ओढ येते, म्हणून डावा हात सोडला की सूर किंचित हलतो. आणि पहिल्या पडद्यांवर वाजवताना पट्टा हाताला लागतो. हे सहन होत नसेल तर पुढची वाट आहे.

५.३ ए-शैली: टाचेवर बटण बसवणे

हे काम एकदाच होते आणि भोक परत बुजत नाही. वाद्य जुने, मौल्यवान किंवा दुसऱ्याचे असेल, तर करू नये. बटण दांडीच्या टाचेतच बसवावे. बॉडीच्या बाजूंच्या फळ्या जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर जाड असतात. त्यांत स्क्रू धरत नाही.

टाचेच्या मागच्या बाजूला, मध्यावर बटण लावले तर वाद्य पुढे झुकते आणि तबली जमिनीकडे वळते. टाचेच्या बाजूला लावले तर पट्टा मागून वेढा घेऊन येतो आणि वाद्य अंगाशी टेकून राहते. मी बाजूची जागा पसंत करतो. मात्र वरच्या पडद्यांवर जाणारा हात बटणाला अडत नाही ना, हे आधी मेणाचा गोळा चिकटवून आणि वाजवून पाहावे.

१. दांडी बॉडीला बोल्टने जोडलेली असेल, तर आत बोल्ट कुठे आहे ते ध्वनिछिद्रातून आरशाने पाहून घ्यावे. ती जागा टाळावी.

२. टाचेच्या निमुळत्या टोकापासून आणि कडांपासून किमान एक सेंटिमीटर आत खूण करावी. टोच्याने बारीक खळगा पाडावा, म्हणजे ड्रिल घसरत नाही.

३. ड्रिलचे पाते स्क्रूसमोर उजेडात धरून पाहावे. स्क्रूचा गाभा पात्याआड लपला आणि दोन्ही बाजूंना आटे तेवढे दिसत राहिले, तर माप बरोबर आहे. साडेतीन मिलिमीटरच्या स्क्रूला मेपलच्या दांडीत २.८ आणि महोगनीसारख्या मऊ लाकडात २.५ मिलिमीटरचे पाते साधारणपणे जमते.

४. किती खोल जायचे ते पात्यावर चिकटपट्टी गुंडाळून ठरवावे. बटणाची आणि वॉशरची जाडी वजा करून स्क्रूचा जेवढा भाग लाकडात जाणार, तेवढीच खोली घ्यावी.

५. भोक पृष्ठाला काटकोनात, सावकाश, मधे मधे पाते बाहेर काढून भुसा झाडत पाडावे.

६. भोकाचे तोंड जाड पात्याने, हाताने फिरवून, किंचित रुंद करावे. ही पायरी गाळली की स्क्रू आवळताना पॉलिशचा टवका उडतो.

७. पितळी स्क्रू कठीण लाकडात तुटतात. म्हणून आधी त्याच मापाचा पोलादी स्क्रू मेण लावून आत-बाहेर करावा, आटे पाडून घ्यावेत आणि मग पितळी स्क्रू बसवावा.

८. बटण आणि लाकूड यांच्यामध्ये फेल्टचा वॉशर घालावा. तो दबल्याचे दिसले, की थांबावे.

सावधान: स्क्रू अर्ध्यावर जड जाऊ लागला, तर जोर लावू नये. तो काढून भोक थोडे मोठे करावे. आत तुटून राहिलेला स्क्रू काढणे हे बटण बसवण्याच्या दसपट कठीण काम आहे.

५.४ फुगीर पाठीचे मॅन्डोलिन

हे वाद्य मुळात बसून वाजवण्याचे आहे आणि त्याची गोल पाठ अंगावरून घसरते. पाठीच्या पातळ पट्ट्यांत कुठेही भोक पाडू नये आणि टेलपीसच्या आकड्यांना पट्टा बांधू नये. एंड पिन असेल तर डोक्याला वादी बांधून पट्टा लावता येतो. मांडीवर खरखरीत चामड्याचा तुकडा घेतला, तर बसून वाजवताना पट्ट्याविनाही ते पुष्कळ स्थिर राहते.

६. लांबी जुळवावी

लांबी बसून जुळवावी, उभे राहून नव्हे. पट्टा गळ्यात घालून, पण त्यावर भार न देता, नेहमीच्या बैठकीत वाद्य धरावे. वाद्याचे डोके साधारण खांद्याच्या उंचीला असावे, डावे मनगट जवळजवळ सरळ असावे आणि उजव्या हाताचे कोपर मोकळे असावे. आता पट्ट्यातली ढील काढत जावे आणि तो नुसता तणावला, की थांबावे. मग उभे राहावे. वाद्याची जागा बदलली नाही, तर लांबी बरोबर आहे. ते खाली गेले, तर एकेक भोक आखूड करावे.

आरशासमोर उभे राहून, दिसायला बरे वाटते म्हणून वाद्य खाली सोडणारे पुष्कळ जण आहेत. त्यात डावे मनगट आत मुडपते आणि करंगळी जाड तारांपर्यंत पोहोचत नाही. बसून जमणारी तान उभ्याने जमेनाशी झाली, तर सरावाला दोष देण्याआधी पट्टा मोजावा.

७. भार देऊन चाचणी

ही चाचणी गादीवर करावी. वाद्य गळ्यात घेऊन, एक हात सतत त्याच्या खाली ठेवून, दुसऱ्या हाताने वाद्य खाली दाबावे. त्याच्या स्वतःच्या वजनाच्या दोन-तीन पट भार आला पाहिजे, त्याहून अधिक देऊ नये. त्यानंतर कमरेतून पुढे वाकावे, डावीकडे-उजवीकडे वळावे, वाद्य पाठीमागे सरकवून पुन्हा पुढे आणावे. प्रत्येक हालचालीनंतर एंड पिन, गाठ आणि बक्कल या तीन जागांना बोट लावून पाहावे. पंधरा मिनिटे उभ्याने वाजवून पुन्हा एकदा तसेच पाहावे आणि मगच दुसरा हात सोडण्याची सवय करावी.

चाचणीत सूर उतरले, तर दोष पट्ट्याचा की तारांचा हे ओळखता येते. वाद्य टेबलावर ठेवून सूर लावावेत, मग गळ्यात घेऊन पाहावेत. गळ्यात घेतल्यावरच ते हलत असतील आणि खाली ठेवल्यावर परत येत असतील, तर पट्ट्याची ओढ दांडीवर येते आहे किंवा वादी तारांना टेकते आहे.

८. वाजवून झाल्यावर

पेटीत ठेवताना पट्टा किमान वरून सोडवावा आणि वाद्याच्या बाजूला किंवा पेटीच्या कप्प्यात ठेवावा. तबलीवर गुंडाळून ठेवलेल्या पट्ट्यावर झाकण दाबले जाते, तो दाब ब्रिजवर येतो आणि बक्कलाचा ठसा पॉलिशवर उमटतो. पाठीखाली घडी घालून ठेवणेही तितकेच वाईट. डोक्याला बांधलेली वादी रोज सोडण्याची गरज नाही. पट्टा आणि वादी यांच्यामध्ये एक लहान, प्लॅस्टिकचे कुलूप असलेली कडी घातली, की पट्टा निघतो आणि गाठ तशीच राहते.

महिन्यातून एकदा वादी बोटावर वाकवून उजेडात पाहावी. वाकवलेल्या जागी आडव्या बारीक भेगा दिसू लागल्या, तर तेल लावून ती वाचवण्याच्या भानगडीत न पडता त्याच दिवशी बदलावी.